एकच वर्तुळ, तीन धडे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी सीएनसी मशीनसाठी प्रोग्राम लिहिते. ड्रॉइंग हातात आलं की त्यावरची मापं वाचायची आणि टूल कुठून निघेल, कोणत्या वाटेने जाईल, कुठे थांबेल हे मशीनला आकड्यांत सांगायचं. २२ वर्षं हेच काम करते आहे. गेले चार महिने कामावरून आल्यावर मी मुलीच्या शेजारी बसते आणि तिचा गणिताचा सराव बघते. कलन शिकायला लागण्याआधीचं जे गणित असतं, त्यातले शेवटचे तीन धडे तिला चालू आहेत : प्राचलिक समीकरणं (क्ष आणि य दोन्ही टी या तिसऱ्या चलावरून, समजा वेळेवरून, सांगणारी), ध्रुवीय निर्देशक (आर हे अंतर आणि थीटा हा कोन देऊन बिंदू सांगणारे) आणि संमिश्र संख्या (ज्यांत आय, म्हणजे −१ चं वर्गमूळ, येतो). या धड्यांचा सराव ज्या पद्धतीने करून घेतला जातो त्याबद्दल मला लिहायचं आहे. तिने आतापर्यंत १४० च्या आसपास गणितं सोडवली. त्यातली आकृती काढायला लावणारी गणितं बोटांवर मोजता येतील. आणि एका धड्यात शिकलेली गोष्ट दुसऱ्या धड्यात वापरायला लागली, असं एकही गणित त्यात नव्हतं.

तिच्या वहीतलं हे एक पाहा. क्ष = साइन वर्ग टी, य = कोसाइन वर्ग टी; टीचा लोप करा. तिने दोन्हींची बेरीज केली, क्ष + य = १ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. उत्तरसूचीतही तेवढंच. मी विचारलं, या रेषेवर (५, −४) हा बिंदू आहे ना? मग आपला फिरता बिंदू तिथे कधी पोचतो? ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. वर्ग ऋण होत नाही आणि १ च्या वर जात नाही, तेव्हा तो तिथे कधीच पोचत नाही. तो (०, १) आणि (१, ०) यांच्या मधल्या तुकड्यावर आयुष्यभर मागे-पुढे करत राहतो. समीकरण सगळी रेषा सांगतं, बिंदू मात्र तिच्या एका छोट्या तुकड्यावरच असतो. टीचा लोप करताना नेमकी हीच माहिती गळून जाते, आणि प्राचलिक समीकरणं शिकायची तर ती याच माहितीसाठी. कोणता आकार, हे साध्या समीकरणानेही कळतं. कुठून सुरू झालं, कोणत्या दिशेने गेलं, किती वेळाने कुठे होतं, हे फक्त टी सांगतो.

माझ्या कामात दिशेला फार किंमत आहे. क्ष = कॉस टी, य = साइन टी आणि क्ष = साइन टी, य = कॉस टी या दोन्हींचा लोप केला तर एकच वर्तुळ हाती येतं. पण पहिल्यात बिंदू उजवीकडून निघून घड्याळाच्या उलट फिरतो, दुसऱ्यात वरून निघून घड्याळासारखा. वर्तुळाच्या कडेने कटर उलट्या बाजूने फिरवला तर कापणं बदलतं, टूलवरचा जोर बदलतो, कापलेल्या पृष्ठभागाची सफाई बदलते. म्हणून मी मुलीला नियम घालून दिला आहे की वक्र काढला की त्यावर बाण काढायचा आणि निदान तीन जागी टीची किंमत लिहायची. एवढं केलं तरी निम्म्या चुका लिहिण्याआधीच दिसतात.

आणखी एक प्रश्न मी तिला करून दिला. एक बिंदू (टी, टी) असा चालतो, दुसरा (६ − टी, २) असा. त्यांची टक्कर होते का? तिने दोन वाटा काढल्या, त्या (२, २) मध्ये छेदतात हे पाहिलं आणि ‘होते’ म्हणाली. पण पहिला तिथे टी = २ ला पोचतो, दुसरा टी = ४ ला. वाटा छेदल्या, गाठ पडली नाही. मग तिनेच दुसऱ्या बिंदूतले ६ खोडून ४ केले आणि टक्कर घडवून आणली. इतक्या साध्या आकड्यांत एवढी मोठी गोष्ट आहे, आणि तिच्या सरावात ती एकदाही आली नव्हती.

ध्रुवीय निर्देशकांचा धडा आला तेव्हा मला वाटलं होतं की हा तिला सोपा जाईल, कारण ‘अमुक दिशेला तोंड करून अमुक अंतर चाला’ असं सांगण्याची सवय माणसाला उपजत असते. अडचण आली ती ऋण आरपाशी. आर = कॉस २ थीटा या चार पाकळ्यांच्या वक्रात थीटा ९० अंश असताना आर −१ येतो. तिने तो बिंदू वर दाखवला. मी तिला उभं केलं आणि ९० अंशाकडे तोंड करून एक पाऊल मागे जायला सांगितलं. (०, १) ऐवजी (०, −१) का, वरची पाकळी आधी न येता खालची आधी का, हे त्यानंतर तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. मी मुद्दाम तिला दर १५ अंशांचा तक्ता हाताने करायला लावला आणि बिंदू ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने जोडायला लावले. स्क्रीनवर हा वक्र क्षणात उमटतो आणि सुंदर दिसतो, पण कोणती पाकळी आधी आली ते त्यात कळत नाही. आर = कॉस ३ थीटाला तीनच पाकळ्या का, हेही तक्त्यातच दिसतं. १८० अंशांत तीन पाकळ्या पुऱ्या होतात आणि पुढचे १८० अंश बिंदू त्याच पाकळ्यांवरून पुन्हा फिरतो. ‘विषम असेल तर तितक्याच, सम असेल तर दुप्पट’ एवढं पाठ करून सराव उरकणाऱ्या मुलाला ही दुसरी फेरी कधी दिसतच नाही.

याच धड्यात एक गणित होतं : आर = साइन थीटा आणि आर = कॉस थीटा यांचे छेदनबिंदू काढा. दोन्ही बरोबरीत ठेवले की थीटा ४५ अंश येतो आणि एक बिंदू मिळतो. पण ही दोन वर्तुळं आरंभबिंदूतूनही जातात. आकृती काढणाऱ्याला दुसरा छेदनबिंदू समोर दिसतो, समीकरण सोडवणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. कारण पहिलं वर्तुळ आरंभबिंदूवर थीटा ० असताना येतं आणि दुसरं ९० अंशांवर. मी मुलीला म्हटलं, हे कुठे पाहिलं आहे आपण? तिने मागची पानं उलटली आणि (२, २) वर बोट ठेवलं. वाटा छेदतात पण गाठ पडत नाही, तीच गोष्ट. समीकरणं बरोबरीत ठेवली की फक्त गाठी मिळतात, नुसते छेद निसटतात. त्या संध्याकाळी मी फार खूश होते, कारण दोन धड्यांमधली भिंत तिने स्वतः काढली होती. पुस्तकातल्या सूचनेत फक्त ‘आरंभबिंदू वेगळा तपासा’ असं होतं. का, ते नव्हतं.

कोनाबद्दल एक गोष्ट माझ्याच चुकीतून सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका जॉबमध्ये, म्हणजे मशीनवर कापायच्या तुकड्यात, केंद्रापासून (−३०, −४०) वर एक छिद्र पाडायचं होतं. जॉब फिरत्या टेबलावर बसवलेला, म्हणून मला अंतर आणि कोन लागणार होते. अंतर ५०, ते बरोबर. कोनासाठी मी कॅल्क्युलेटरवर −४० भागिले −३० केलं, उलटा टॅन दाबला, ५३.१३ अंश आले आणि तेच प्रोग्राममध्ये घातले. खरा कोन २३३.१३ अंश. छिद्र बरोबर समोरासमोरच्या जागी पडलं आणि जॉब भंगारात गेला. भागाकार केला की दोन्ही ऋण चिन्हं एकमेकांना खाऊन टाकतात आणि बिंदू कोणत्या चरणात होता हे कॅल्क्युलेटरला कळायला काही मार्गच उरत नाही. म्हणूनच संगणकाच्या बहुतेक भाषांमध्ये क्ष आणि य वेगवेगळे घेऊन कोन देणारी एक निराळी आज्ञा असते. हीच चूक माझ्या मुलीने −१ − आय वर्गमूळ ३ या संख्येचा कोनांक काढताना केली. २४० ऐवजी ६० लिहिले. तिच्या वहीवर शिक्षकांनी फुली मारून पुढचं गणित तपासलं होतं. मी तिला त्या पानावर दोन अक्षांचा छोटासा फुलीसारखा आकार काढून बिंदू टाकायला सांगितला. दहा सेकंदांचं काम आहे, आमच्या ड्राय रनसारखं. मशीनवर टूल जॉबपासून वर उचलून प्रोग्राम एकदा रिकामा चालवतात, त्याला आम्ही ड्राय रन म्हणतो. तो केल्याशिवाय मी आजही कापायला सुरुवात करत नाही.

आता ज्या वर्तुळासाठी हे पत्र लिहायला बसले त्याच्याकडे येते. केंद्र (१, ०), त्रिज्या १. पहिल्या धड्यात ते क्ष = १ + कॉस टी, य = साइन टी असं आलं. दुसऱ्या धड्यात आर = २ कॉस थीटा असं आलं. तिसऱ्या धड्यात ते नव्हतं, म्हणून मीच विचारलं : १ या संख्येत (कॉस टी + आय साइन टी) मिळवत गेलं तर प्रतलावर काय उमटेल? तिन्ही ठिकाणी तेच वर्तुळ. मग मी तिला टी = ६० अंश घ्यायला लावला. बिंदू आला (१.५, ०.८६६). ध्रुवीय समीकरणात तो बिंदू थीटा ६० ला मिळेना. मिळाला ३० ला. तिथे आर १.७३२. टी = १०० घेतला तर थीटा ५०. प्रत्येक वेळी निम्मा. ध्रुवीय समीकरणात हे वर्तुळ १८० अंशांतच पुरं होतं आणि प्राचलिकात ३६० लागतात, हे तिला पाठ होतं. का, ते माहीत नव्हतं.

तिने आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंत एक रेघ ओढली आणि केंद्रापासून एक. मग ती गप्प झाली, आणि म्हणाली, “आई, हा परिघावरचा कोन आहे.” आरंभबिंदू स्वतःच त्या वर्तुळाच्या परिघावर आहे. टी हा केंद्रातला कोन, थीटा परिघावरचा. परिघावरचा कोन केंद्रातल्या कोनाच्या निम्मा असतो, हे प्रमेय ती काही वर्षांपूर्वी सिद्धतेसकट शिकली होती. तिसऱ्या धड्यातूनही हेच निघतं. १ हा एक लांबीचा बाण, कॉस टी + आय साइन टी हा दुसरा, तोही एक लांबीचाच. दोघांचा मिळून समभुज चौकोन होतो, आणि समभुज चौकोनाचा कर्ण कोन दुभागतो. त्या कर्णाची लांबी २ कॉस (टी भागिले २), म्हणजे २ कॉस थीटा. ध्रुवीय समीकरण आपोआप हातात आलं. एका वर्तुळावर आम्ही पाऊण तास घालवला. त्या पाऊण तासात प्रश्नपत्रिकेतली १५ गणितं झाली असती, आणि मला त्याची अजिबात खंत नाही.

संमिश्र संख्यांवर तिचा मुळात रागच होता. ‘काल्पनिक’ हा शब्द त्याला बराचसा जबाबदार आहे. जे नाहीच त्याचा सराव कशाला, असं तिचं म्हणणं. भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही, असं म्हटलं होतं, आणि संख्यारेषेवर उभं राहून बघितलं तर ते खरंच आहे. मी तिला बोंबेली या इटालियन गणितज्ञाचं १५७२ मधलं समीकरण करायला दिलं : क्ष घन = १५ क्ष + ४. ४ हे उत्तर तिला चाचपडतच सापडलं; ६४ बरोबर ६० अधिक ४. पण घन समीकरणाच्या सूत्रात घातलं की मध्ये −१२१ चं वर्गमूळ येतं. बोंबेलीने दाखवलं की २ + ११ आय हा (२ + आय) चा घन आहे आणि २ − ११ आय हा (२ − आय) चा. दोन्ही घनमुळं मिळवली की आय जातो आणि ४ उरतात. (२ + आय) चा घन तिने स्वतः करून पाहिला. खऱ्या उत्तराकडे जाणारी वाट रेषेच्या बाहेरून जात होती, हे तिने त्या दिवशी मान्य केलं.

ती वाट कागदावर प्रथम मांडली कास्पार वेसेल याने, १७९७ मध्ये डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे. तो मोजणी करणारा, नकाशे काढणारा माणूस होता. त्याला लांबी आणि दिशा एकत्र धरून हिशोब करायची पद्धत हवी होती. लेख डॅनिश भाषेत असल्याने जवळजवळ शंभर वर्षं कुणाच्या ध्यानात आला नाही, आणि १८०६ मध्ये आर्गांने स्वतंत्रपणे मांडलेल्या आकृतीला आज त्याचं नाव आहे. वेसेलबद्दल मला विशेष आपुलकी वाटते. संमिश्र संख्यांचा गुणाकार म्हणजे लांब्यांचा गुणाकार आणि कोनांची बेरीज, हे रोज कोन मोजणाऱ्या माणसाला आधी दिसावं यात मला नवल वाटत नाही.

सरावात मात्र ही आकृती शेवटी येते, आणि तोवर मुलांच्या हाताला बीजगणिताची खोड लागलेली असते. (वर्गमूळ ३ + आय) चा सहावा घात माझ्या मुलीने द्विपद विस्ताराने काढला. पानभर काम, मध्ये एक चिन्ह चुकलं, उत्तर चुकलं. आकृतीत ही संख्या म्हणजे लांबी २ आणि कोन ३०. सहावा घात म्हणजे लांबी ६४ आणि कोन १८०. उत्तर −६४. ८ चं घनमूळ विचारलं तर तिने २ लिहिलं आणि पुढे गेली. १२० आणि २४० अंशांवर आणखी दोन आहेत, −१ ± आय वर्गमूळ ३, आणि तिन्ही मिळून समभुज त्रिकोण होतो, हे चित्र एकदा डोळ्यात बसलं की ‘किती मुळं’ हा प्रश्न उरत नाही. −४ आणि −९ यांच्या वर्गमुळांचा गुणाकार ६ लिहिणं हीही नेहमीची चूक. आधी २ आय आणि ३ आय करून घेतलं की −६ येतात.

मी घोकंपट्टीच्या विरुद्ध नाही. क्ष = आर कॉस थीटा, य = आर साइन थीटा हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे, आणि ३०, ४५, ६० अंशांच्या किमती आठवायला वेळ लागता कामा नये. तेवढ्यासाठी सलग २० गणितं करून घ्यावीत, जरूर घ्यावीत. पण त्यानंतरची ३० त्याच साच्यातली नकोत. शिक्षकांना आणि सरावप्रश्न तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्या ३० च्या जागी ८ च द्या. पण प्रत्येकात आकृती मागा, आकृतीवर बाण मागा, आणि उत्तर दुसऱ्या धड्याच्या पद्धतीने पडताळून दाखवायला सांगा. त्या आकृतीला गुण ठेवा. गुण नसतील तर घाईतला विद्यार्थी ती काढणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. तपासताना चुकलेल्या कोनावर नुसती फुली न मारता शेजारी बिंदू टाकून दाखवा. वर्ग मोठा असला की हे जड जातं, याची मला कल्पना आहे. ८ गणितं तपासायची असतील तर थोडं हलकं जाईल.

मागच्या आठवड्यात मी घरी एक काम घेऊन आले होते. फ्लँजवर, म्हणजे जोडणीच्या गोल चकतीवर, पाच छिद्रं, १०० च्या पीसीडीवर (छिद्रांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास १००), सारख्या अंतराने. मुलगी शेजारी होती म्हणून आकडे तिच्याकडून काढून घेतले : (५०, ०), (१५.४५१, ४७.५५३), (−४०.४५१, २९.३८९), आणि शेवटच्या दोघांचेच खालच्या बाजूचे जोडीदार. मग मी नेहमीसारखी पहिल्या स्तंभाची बेरीज केली. ५० अधिक ३०.९०२ वजा ८०.९०२. शून्य. दुसऱ्या स्तंभाचीही शून्य. ही पडताळणी मला कामावरच्या एका जुन्या सहकाऱ्याने पहिल्या महिन्यात शिकवली होती. केंद्र आरंभबिंदूवर असेल तर बेरीज शून्य आलीच पाहिजे, नाही आली तर कुठेतरी आकडा चुकला. पहिल्या छिद्राचा कोनच चुकला असेल तर ती चूक यात पकडली जात नाही, हेही त्याने सांगितलं होतं. का शून्य येते, ते त्यालाही माहीत नव्हतं आणि मीही २२ वर्षांत विचारलं नव्हतं.

मुलीने विचारलं, आणि उत्तरही तिनेच दिलं. तिने पाच बाण काढले. म्हणाली, सगळे बाण ७२ अंशांनी फिरव. पहिला दुसऱ्याच्या जागी जातो, दुसरा तिसऱ्याच्या, शेवटचा पहिल्याच्या. बाण तेच पाच राहिले, म्हणजे बेरीजही तीच राहिली. पण सगळे बाण फिरवले तर त्यांच्या बेरजेचा बाणही ७२ अंशांनी फिरलाच पाहिजे. फिरूनही जागच्या जागी राहणारा बाण एकच, ज्याला लांबीच नाही.

मग तिने पाचच्या जागी सात छिद्रं घेतली आणि ७२ खोडून वर ३६० भागिले ७ लिहिलं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सीएनसी प्रोग्रामर